किती, ते तोंडानं सांग

केवळामावशींनी मला पहिल्याच दिवशी जवळजवळ उपाशी ठेवलं होतं.

शाळेत रुजू होऊन दोन-अडीच तास झाले होते. मधली सुट्टी झाली तेव्हा हेडसर म्हणाले, "मॅडम, डबा राहू द्या आज. आमच्या शाळेची खिचडी खाऊन बघा." मी ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले. पाळी आली. खिचडीच्या मोठ्या भगुण्यामागं पाटावर बसलेल्या बाईंनी पळी भरली, माझ्या ताटावर आणली आणि तिथंच धरून ठेवली.

"किती?"

"द्या थोडीफार," मी म्हणाले.

"थोडी का फार?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पळी तशीच हवेत. बाजूला चौथीतली दोन पोरं ताट मांडीवर घेऊन खिदळत होती, त्यांना हा प्रकार रोजचा होता. "अर्धी पळी," मी कशीबशी म्हणाले, आणि अर्धीच पडली. भूक दीड पळीची होती. सकाळी साडेसहाला अहमदपूरच्या खोलीवरून निघाले होते, फाट्यापासून दोन किलोमीटर चालले होते. नांदेडसारख्या शहरात वाढलेली, डी.एड. झालेली मी, आणि मला स्वतःची भूक सांगता आली नव्हती. त्या दिवशी मला त्या बाईंचा फार राग आला.

गाव अहमदपूरहून जळकोटकडं जाताना लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते एका घराच्या आतलं आहे. जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा, ऐंशी-नव्वद पोरं, आम्ही चार शिक्षक, आणि पोषण आहार शिजवायला केवळामावशी. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. स्वयंपाक करणाऱ्यांसाठी शाळेकडं एप्रन आणि टोपी आलेली होती. ती दोन्ही मावशी खिळ्याला टांगून ठेवायच्या आणि तपासणीला साहेब आले की अंगावर चढवायच्या. "रोज घातलं तर मळतंय की वो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा कायदा एकच होता. मागितल्याशिवाय वाढायचं नाही. आणि मागायचं ते तोंडानं. मान हलवलेली चालायची नाही, बोट दाखवलेलं चालायचं नाही, नुसतं ताट पुढं केलेलं तर मुळीच नाही. एखाद्या मोठ्या भावानं "मावशी, हिला अजून पाहिजे" म्हटलं की त्या बहिणीकडं बघून म्हणायच्या, "कामून? तिला तोंड न्हाई?" मग ती चिमुरडी लाजत, ओठ चावत "अजून" म्हणेपर्यंत सगळी रांग उभी. नको असेल तर "नको" म्हणायचं. "नको" म्हणणाऱ्याला मावशी कधी रागवल्या नाहीत.

या सगळ्यात मधली सुट्टी संपून जायची आणि माझा गणिताचा तास दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. मी आठवड्याभरात हेडसरांकडं तक्रार केली. ते रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "सहा महिने थांबा मॅडम. मग करा तक्रार." मला वाटलं, हे एक कामचुकार उत्तर आहे.

मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. भिंतीवर आठवड्याच्या आहाराचा फलक होता, तो रोज सकाळी त्या एका पोराकडून वाचून घ्यायच्या. "ए, आज काय लिवलंय बघ बरं." वार आणि पदार्थ त्यांना तोंडपाठ होते, हे मला फार नंतर कळलं. आणि वाचायला त्या नेमकं वर्गात तोंड न उघडणारं पोर धरायच्या, हे त्याच्याही नंतर.

पोरांच्या मागण्यावरून त्यांना घर कळायचं. हे त्या भांडी घासता घासता सहज सांगायच्या, कुणाची चहाडी करावी असं नाही. माझ्या वर्गात रोहन नावाचा एक मुलगा होता. बोलायचा म्हणजे ओरडायचाच, आणि दिवसाआड कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घालायचा. मी त्याला कोपऱ्यात उभं करून थकले होते. मावशी म्हणाल्या, "त्याच्या घरला सात माणसं हायती मॅडम, आन सातीजण एकाच टायमाला बोलतेत. ऐकणारं कुणी न्हाई. त्या लेकराला वाटतंय, समदं जगच भैरं हाय."

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. आपुन हळू बोलायचं."

आणि त्या खरंच तसं करत होत्या. रोहनची पाळी आली की इतक्या हळू "किती?" विचारायच्या की त्याला वाकून कान पुढं करावा लागायचा. वाकलेलं पोर ओरडत नाही. तोही कुजबुजत "दोन" म्हणायचा. मी ते बघून माझ्या वर्गात करून पाहिलं, आधी हसू आलं, मग जमलं. पावसाळा संपेपर्यंत रोहनचे गुद्दे बंद झाले. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि आपण त्याला कोपऱ्यात उभं करत होतो याची लाज.

पालकसभेतली त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. एक वडील आले होते, मुलीला घेऊन. मी मुलीला विचारलं, "अभ्यास कधी करतेस?" वडील म्हणाले, "संध्याकाळी करते." "काय आवडतं?" वडील म्हणाले, "गणित." "मोठेपणी कोण होणार?" वडील म्हणाले, "पोलीस." मावशी चहा देत फिरत होत्या. त्या वडिलांपुढं आल्या, विचारलं, "साखर किती?" आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "चार चमचे." घातलेसुद्धा. ते गृहस्थ गडबडले, "अहो मावशी, मला शुगर आहे!" मावशी शांतपणे कप परत घेत म्हणाल्या, "मंग सांगायचं न्हाई व्हय. तुमच्या वाटचं दुसऱ्यानं बोललं की कसं वाटतंय बघा." सगळी सभा हसली. ते वडीलही हसले, माणूस चांगला होता. मुलगी मात्र हसली नाही, ती मावशींकडं टक लावून बघत राहिली.

सहा महिने होऊन गेले होते आणि मी तक्रार करायची विसरून गेले होते. माझ्याच घरात आम्ही वडिलांशी कधी सरळ बोललो नाही, जे काही ते आईमार्फत. सहलीचे पैसे असोत की कॉलेजची निवड असो, "आई, बाबांना विचार ना." मावशींच्या पळीसमोर पहिल्या दिवशी माझी वाचा का बसली, हे मला आता थोडं थोडं कळायला लागलं होतं. म्हणूनच मावशींकडं बघताना मला वाटायचं, या बाईंच्या घरात काय मोकळेपणा असेल!

त्यांची नात अंकिता माझ्या तिसरीच्या वर्गात होती. दोन घट्ट वेण्या, स्वच्छ दप्तर, कधी कुणाशी भांडण नाही. निरोप न्यायला तिच्यासारखं कुणी नाही. हेडसर तिलाच पाठवायचे. ती दारात उभी राहून म्हणायची, "मॅडम, सर म्हणाले, तुम्हाला वेळ होईल तेव्हा हजेरीचं रजिस्टर द्या." मला हेडसर फार सभ्य गृहस्थ वाटायचे. एकदा ऑफिसच्या बाहेरच उभी होते तेव्हा मी त्यांचा मूळ निरोप ऐकला. "त्या मॅडमला विचार, रजिस्टर देणार हायत का त्याच्यावर झोपल्यात!" मी हसून सोडून दिलं. पोरगी हुशार आहे, म्हटलं.

पण ती स्वतःचं असं काही बोलायची नाही. लंगडीत दोन गट पडले की ही मध्ये उभी, ज्यांना एक कमी असेल त्यांच्यात जायची. दोन मैत्रिणी रुसल्या तर हिचं दिवसभर एकीकडून दुसरीकडं जाणं-येणं चालायचं, संध्याकाळी त्या दोघी गळ्यात गळे घालून घरी जायच्या आणि ही लिंबाखाली एकटी रडत बसलेली असायची. का रडतेस विचारलं तर सांगता यायचं नाही. 'माझी आवड' म्हणून चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. हिनं लिहिलं, "आजीला गवार आवडते. मम्मीला शेपू आवडतो." मी लाल पेननं खाली लिहिलं, "आणि तुला?" दुसऱ्या दिवशी वही परत आली. तिथं बराच वेळ खोडरबर चालवलेलं होतं, कागद विरला होता, आणि त्यावर लिहिलं होतं, "दोन्ही."

मग एक दिवस रांगेजवळ उभी असताना माझ्या लक्षात आलं. सगळ्यांच्या ताटावर पळी थांबायची, "किती?" व्हायचं. अंकिताचं ताट आलं की पळी थांबायची नाही. भरून पडायची, वर थोडी आणखी. ती मुकाट्यानं पुढं सरकायची.

"मावशी, हिला नाही विचारत तुम्ही?"

"नातीचं पोट मला ठाव हाय की वो मॅडम," मावशी म्हणाल्या. "घरचं लेकरू."

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जावर अंकिताच्या आईची सही हवी होती. पत्र्याच्या तीन खोल्या एकामागं एक. पुढच्या अंगणात मावशींची चूल. मागं परसात सुनेची, सुरेखाची चूल. मुलगा दत्ता जीप चालवायचा, अहमदपूर-लातूर. तो सकाळी पुढं जेवायचा आणि रात्री मागं, आणि या विषयावर तोंड उघडायचा नाही. मला मधल्या खोलीत खुर्ची दिली. अंकितानं पाणी आणलं. सही करायला सुरेखा हात धुऊन येत होती, तेवढ्यात पुढून मावशींचा आवाज आला.

"अंके, तुझ्या मायला सांग, बकेट माझी हाय. तिच्या धुण्याला लावू नको म्हणावं. फुटली तर काय तिचा बाप आणून देणार हाय का किल्लारीहून?"

अंकिता माझ्यासमोरून मागं गेली. परसाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, आजी म्हणती, बकेटीची कड तुटलीय, तुझ्या हाताला लागंल. दुसरी घे."

"सांग तुझ्या आजीला," सुरेखा म्हणाली, "माझ्या हाताची काळजी करायला लई उशीर झाला. तवा कुठं गेलती काळजी?"

अंकिता पुन्हा माझ्यासमोरून पुढं गेली. "आजी, मम्मी म्हणती, बरं. न्हाई घेत."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मी मधल्या खोलीत बसले होते म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं. त्या दोघींना फक्त आपापलं. हेडसरांचे सभ्य निरोप मला आठवले आणि आता हसू आलं नाही. आठ वर्षांची पोरगी दिवसभर दोन मोठ्या बायांसाठी वाक्यं तयार करत होती. वर्गात लिहायला, मागायला, भांडायला तिच्याजवळ काय उरणार?

सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. सांगितलं तर पोरीचं खोटं उघडं पडणार, तिला मार बसला तर तो माझ्यामुळं. नाही सांगितलं तर ती अशीच मोठी होणार, आणि अशी मोठी झालेली एक मला चांगली माहीत होती. सोमवारी शाळा सुटल्यावर मावशी भगुणं घासत होत्या, तिथं जाऊन बसले आणि बकेटीचं सगळं सांगितलं, दोन्हीकडचं, जसंच्या तसं.

मावशींचा हात थांबला. "सुरेखा असं म्हणली? उशीर झाला म्हणून?"

"हो."

"आन मला वाटून राहिलं व्हतं, सून नरमली. 'बरं' म्हणती, 'हाव' म्हणती. म्या मनात म्हणत व्हते, अजून जरा नरमू दे, मंग बोलते." त्यांनी भगुणं बाजूला सारलं. "तिलाबी तसंच वाटत असंल, न्हाई? म्हातारी नरमली म्हणून."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. चार वर्षांपूर्वी सुरेखाला दिवस गेले होते, पाचवा महिना. किल्लारीला भावाचं लग्न होतं, ती दत्ताच्याच जीपमधून गेली. आल्यावर चार दिवसांनी सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मावशी तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, 'पोटात लेकरू घेऊन कोण नाचायला जातंय गं? तूच घालवलंस.' सुरेखा म्हणाली, 'आत्याबाई, आजपासून माझ्याशी बोलू नका.'

"ती म्हणली बोलू नका, म्या न्हाई बोलले," मावशी म्हणाल्या. "म्हणलं, म्या शब्दाची पक्की हाय. लई अभिमान व्हता मला त्याचा, मॅडम."

"अंकिताला रागवू नका."

"तिला?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आपण उगाच बोललो. "चार वर्सं ते लेकरू आमची दोघींची तोंडं धूत हिंडलं. तिला काय रागवू?"

मंगळवारी रांग लागली. अंकितानं ताट पुढं केलं, आणि पळी थांबली.

"किती?"

अंकितानं आधी मागं बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून. मग हसली. "आजी..."

"हितं म्या आजी न्हाई. किती?"

"तू देशील तेवढी."

"म्या इचारलंय तुला."

"मम्मी म्हणती, पोटभर खा..."

"मम्मीचं न्हाई इचारलं. तुझं सांग."

पोरीच्या तोंडातून शब्द फुटेना. मागची पोरं तिला कोपरानं ढोसायला लागली. "म्हण ना, एक म्हण." शेवटी ती बाजूला झाली. सगळ्यांचं झाल्यावर पुन्हा आली, पुन्हा तेच झालं. त्या दिवशी अंकिता जेवली नाही. मावशींनीही आपलं ताट वाढून घेतलं नाही. मी मात्र भडकले. स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन म्हणाले, "मावशी, लेकराला उपाशी ठेवायचं हे कुठलं शिकवणं?"

"एक दिस राहील उपाशी," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मलाबी सोपं न्हाई ते."

मी पर्समधला बिस्किटाचा पुडा अंकिताला दिला. तिनं तो उघडला, चार बिस्किटं वेगळी काढली आणि विचारलं, "मॅडम, ही आजीला देऊ का? तिनं पण खाल्लं न्हाई." मला तिथं उभं राहवलं नाही. मी फळा पुसायला गेले. तो आधीच पुसलेला होता.

बुधवारी वाटाण्याची खिचडी होती. सगळ्या शाळेला आता माहीत होतं. पोरं ताटं घेऊन खाली बसली होती पण कुणी खात नव्हतं. हेडसर ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले होते. अंकिता भगुण्यासमोर आली. पळी भरली, वर आली, थांबली.

"किती?"

अंकिता भगुण्यात बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मग ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं."

"नको."

"काय?"

"नको!" ती ओरडली. मी तिचा तेवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "मला खिचडी आवडत न्हाई! कधीच न्हाई आवडली! वाटाणा तर अजिबात न्हाई, घशात अडकतो माझ्या!"

केवळामावशींची खिचडी आवडत नाही, असं त्या गावात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. रोहनचं तोंड उघडंच राहिलं. मावशींनी पळी हळूच भगुण्यात ठेवली. मला वाटलं, आता रडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या हसत सुटल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना.

"मंग तीन वर्सं कामून खाल्लीस गं माय?"

"तू करून राहिलीस म्हणून."

"मंग काय आवडतंय तुला? सांग. न्हाई शिजलं तर न्हाई शिजलं, पर सांग."

अंकितानं खूप वेळ घेतला. मला ते खोडरबरानं विरलेलं पान आठवलं. "दूधभात," ती शेवटी म्हणाली. "नुसता. साखर नको."

गुरुवारी सकाळी मावशी माझ्या वर्गाच्या दारात आल्या. वर्गाच्या दारात त्या कधी येत नसत. "मॅडम, जरा भाईर या," म्हणाल्या. वऱ्हांड्यात उभ्या राहून त्यांनी मला आदल्या संध्याकाळचं सांगितलं.

"काल परसात गेले. चार वर्सांत पहिल्यांदा. तिची पाठ व्हती माझ्याकडं, भाकरी थापत व्हती. काय बोलावं सुचंना. म्हणलं, 'मीठ हाय का?' माझ्या घरात मीठ भरलेलं व्हतं मॅडम, खोटंच गेले. तिचा हात थांबला. मंग बरणी घेतली, वळली, आन म्हणली, 'हाय. किती?'"

वऱ्हांड्याच्या खांबाला त्यांनी हात लावला.

"आन मला सांगताच येईना. म्या हाताची ओंजळ केली. तर ती म्हणली, 'आत्याबाई, किती ते तोंडानं सांगा.' अंकीनं सांगितलं असंल शाळेतलं. म्या म्हणलं, 'मीठ राहू दे गं. त्या दिवशी म्या बोलले ते चुकलं माझं.'"

"मग? सुरेखा काय म्हणाली?"

"म्हणली, 'हाव. चुकलंच.'"

"आणि?"

"आन काय न्हाई. मीठ दिलं." त्या पदर खोचत निघाल्या, मग वळून म्हणाल्या, "जरा जास्तीच दिलं."

त्यानंतर दोन वर्षं मी त्या शाळेत होते. सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. चुली दोनच राहिल्या. सुरेखा कित्येक दिवस कामापुरतंच बोलायची. अंकिता एकदम बडबडी झाली नाही, पण लंगडीचे गट पडताना मध्ये उभी राहायची ती आता सरळ आपल्या गटात जायला लागली. हेडसरांचे निरोप मला आता जसेच्या तसे येऊ लागले, त्याचा त्रास मला झाला, पण मी तो आनंदानं सोसला. रांगेत अंकिता रोज "नको" म्हणायची आणि रोज घरून आणलेला दूधभात खायची. मावशी रोज तिला विचारायच्या.

माझी नांदेड जिल्ह्यात बदली झाली. ऑर्डर आल्यावर मावशींना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस होते, संध्याकाळची वेळ. गल्लीच्या तोंडालाच मला भांडण ऐकू आलं. दोन आवाज, एकमेकांवर चढलेले.

अंगणात मावशी आणि सुरेखा समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये ती बकेट. अखेर फुटली होती.

"म्या तुला तवाच सांगितलं व्हतं!"

"तुम्ही मला कवा सांगितलं आत्याबाई? मला म्हणलं हाताला लागंल!"

"त्ये म्या न्हाई म्हणलं!"

"मंग कोण म्हणलं?"

दोघी एकदम थांबल्या. मग पुन्हा दोघींनी एकदमच सुरुवात केली. मी घाबरून अंकिताला शोधलं. ती गल्लीत पोरींच्या घोळक्यात होती, कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "मी आऊट न्हाई! माझा पाय न्हाई टेकला! मी बघितलंय!" मला बघून ती पळत आली.

"मॅडम, बसा ना. त्या भांडून राहिल्यात. होईल आत्ता."

"तू नाही जात मध्ये?"

"मी कशाला? त्यांचं त्या बघतील की," ती म्हणाली आणि पुन्हा पळाली, कारण तिकडं तिला आऊट द्यायचं चाललं होतं.

मावशींचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यांनी वाक्य अर्धं सोडलं, सुरेखाला म्हणाल्या, "थांब, राहिलेलं मंग बोलू," आणि मला बाजेवर बसवलं. सुरेखा आत गेली. मी बदलीचं सांगितलं. त्या हनुवटीवरच्या गोंदणावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घेऊन जावा. साखर किती?"

"दोन चमचे," मी म्हणाले. "भरून. आणि चहा पण भरून द्या, मला भूक लागलीय."

त्यांनी मान वळवली. "सुरेखा! मॅडमला दोन चमचे, भरून! आन भाकरी टाक!"

"ऐकू आलं मला!" आतून सुरेखा ओरडली. "म्या काय भैरी हाय का?"

मावशी माझ्याकडं बघून हसल्या. तेच मी त्यांना शेवटचं पाहिलेलं.